सहानंतर आठ

साहेब म्हणाले, जसंच्या तसं रंगवा.
नगरपालिकेची शताब्दी आहे, मंत्री येतील, पाटी चकचकीत हवी.
सभागृहातून उतरवायला चार माणसं लागली, साग आहे.
हातगाडीवर घालून पांझरेच्या फरशीवरून घरी आणली.

अंगणात मे महिना.
टर्पेंटाईनमधून काढेस्तोवर ब्रश वाळतो,
म्हणून काम पहाटे. तेव्हाचं ऊन तिरपं,
लाकडावरचा ओरखडाही सावली पाडतो.

माननीय नगराध्यक्ष.
अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत.
सहावर त्र्यंबकशेठ वाणी,
आठवर शेनफडू तोताराम महाजन, एकोणीस वर्षं.
सात नाही.

पाटी माझ्या बापाच्या हातची.
त्याच्या 'श'ची गाठ, 'ळ'चं पोट मी अंधारात ओळखीन.
युसूफ, रंग पातळ कर, हात नको, म्हणायचा.
असा माणूस सात विसरेल?

पॉलिशपेपर मारला. हिरव्याखाली निळा निघाला,
निळ्याखाली, 'तोताराम'च्या बरोबर पोटात,
आधी बोटाला लागलं, मग दिसलं:
ओंका... पुढे खरवडलेलं... भोई.
सात महिने.

हिलालबाबा शिपाई अजून आहे, खाटेवर, नव्वदीचा.
विडी विझवली त्यानं नाव ऐकून.
ओंकार सखा, म्हणाला, खुर्चीत बसला आणि पहिलाच ठराव:
डोक्यावरून मैला वाहणं आजपासून बंद.
पैसा नव्हता, गाड्या नव्हत्या, ठराव मात्र झाला.
चार महिने गाव नाकाला पदर लावून होतं.
भोईनं गाव सडवलं, असं लोक बोलायचे,
ज्यांच्या डोक्यावरची पाटी उतरली
ते सोडून सगळे लोक.

मग अविश्वास. मग शेनफडूअण्णा.
अण्णांनी महिन्याभरात लोखंडी हातगाड्या आणल्या,
प्रत्येक गाडीवर अण्णांचं नाव.
ते कुणी लिहिलं?
तुझ्या बापानंच की रे.
आणि ठरावाचं पान?
बाबा हसला. वाळवी, म्हणाला,
आपल्याकडची वाळवी वाचून खाते.

आता अण्णांना वाईट म्हणू तर
माझी दहावीची फी अण्णांनी भरली.
बहात्तर साली टँकरपाशी घोंगडी टाकून झोपायचे,
रांगेत कुणी मध्ये घुसू नये म्हणून.
भोईवाड्याला नळ मात्र सगळ्यात शेवटी मिळाला,
अकरा वर्षांनी. हेही तेच अण्णा.
बसस्टँडवर त्यांचा पुतळा, त्यांचीच टाकी.

टाकीखाली हंडा भरणाऱ्या म्हातारीला विचारलं,
माय, टाकी कोनी बांधी?
म्हणाली, माले काय मालूम भो,
पानी येस ना.

बापाला नाव पुसायचे तीन रुपये मिळाले असतील.
घरात आम्ही सहा तोंडं.
नाव पुसलं, ओळी वर सरकवल्या,
फट राहू दिली नाही, सफाईचं काम.
आकडा तेवढा हलवला नाही.
चाळीस वर्षं त्या पाटीखाली सभा भरल्या,
घरपट्टी वाढली, कमी झाली, खुर्च्या फेकल्या गेल्या.
कुणी मोजलं नाही.

काल साहेबांचा फोन.
पेंटर, सहानंतर आठ आहे म्हणे, चूक दिसते,
क्रम दुरुस्त करून घ्या.
हो म्हणालो.

आज पहाटे पांढरा कालवला, पातळ.
खडूची दोरी ताणून ओळी मारल्या.
सहा, त्र्यंबकशेठ.
ब्रश पुसला. चहा घेतला. पुन्हा बसलो.
ओंकार सखा भोई लिहावं असं हाताशी आलंही,
पण पाटी पालिकेची, बिल निघायचं आहे,
नातीची फी आहे.
बापालाही असंच काही असेल.

आठ, शेनफडू तोताराम महाजन.
आठच्या पोटाला बापासारखी गाठ दिली.
विचारलं तर सांगेन,
साहेब, तुम्हीच म्हणालात ना,
जसंच्या तसं.